रिपोर्टातली प्रतिपिंडं आणि न टिकणारा गर्भ

1906 साली ऑगस्ट फॉन वासरमन या जर्मन संशोधकाने सिफिलिससाठी रक्ताची चाचणी काढली. पुढच्या काही दशकांत ती इतकी रुळली की अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी लग्नाच्या परवान्याआधी आणि गरोदरपणात रक्त तपासणं कायद्यानेच सक्तीचं केलं. धडधाकट माणसांची अशी सरसकट तपासणी सुरू झाली, तसे नको ते निकालही यायला लागले. ज्यांना हा आजार असण्याचं काही कारणच नव्हतं, अशांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह. त्यातल्या बायकांना घरात काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल, याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत सापडत नाही. पण ते ओळखायला फार डोकं लागत नाही.

गोम चाचणीतच होती. ती जंतू शोधत नव्हती. एका स्निग्ध पदार्थाला चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, ती शोधत होती. 1941 मध्ये मेरी पँगबॉर्न या अमेरिकी संशोधिकेने तो पदार्थ बैलाच्या हृदयातून शुद्ध स्वरूपात वेगळा केला, तोच कार्डिओलिपिन. दहा-अकरा वर्षांनी, 1952 मध्ये, मूर आणि मोर या डॉक्टरांनी दाखवलं की ज्यांचं रक्त सिफिलिस नसताना वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं, त्यांच्यातल्या अनेकांना ल्युपससारखे, शरीराने स्वतःवरच उलटण्याचे आजार असतात. पाठोपाठ 1954 मध्ये फ्रान्सच्या बोमाँनी आणि 1957 मध्ये स्वीडनच्या लॉरेल आणि निल्सन यांनी अशाच रक्ताच्या बायकांविषयी आणखी एक गोष्ट नोंदवली. त्यांना दिवस राहत होते, पण टिकत नव्हते.

‘दिवस राहतात पण टिकत नाहीत’ हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दबक्या आवाजात बोललं गेलेलं वाक्य आहे आणि त्याचं खापर बहुतेकदा सुनेच्या माथी फुटलेलं आहे. वैद्यकाने त्याला ‘वारंवार गर्भपात’ असं कोरडं नाव दिलं. किती वेळा झाला म्हणजे वारंवार, यावर मात्र एकमत नाही. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेच्या मते दोन पुरेत. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं कॉलेज तीनवर ठाम आहे. ‘लॅन्सेट’ने 2021 मध्ये गर्भपातावर लेखमाला काढली, तिच्यातल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 2 कोटी 30 लाख गर्भपात होतात आणि लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी पंधरा टिकत नाहीत. दोनदा हा अनुभव आलेल्या स्त्रिया 1.9 टक्के, तीन किंवा अधिक वेळा आलेल्या 0.7 टक्के. टक्केवारी छोटी दिसते, माणसं फार आहेत.

अशा जोडप्याची नीट तपासणी केली की काही जणांत कारण सापडतं. नवरा-बायकोपैकी एकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल झालेली असते, गर्भाशयात पडदा असतो, थायरॉइडचा किंवा मधुमेहाचा बंदोबस्त झालेला नसतो. साधारण निम्म्यांत मात्र काहीच सापडत नाही. मग फाइलवर ‘अनएक्स्प्लेन्ड’ असा शेरा पडतो. कारण माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण तीन वेळा सोनोग्राफीच्या पडद्यावर ठोके बंद पडलेले पाहिलेल्या बाईला ‘माहीत नाही’ हे उत्तर पचत नाही आणि डॉक्टरलाही ते देववत नाही. प्रतिपिंडांचा प्रश्न या जागी येऊन बसतो.

त्यांतली एकच जात अशी आहे, जिच्यावरचा आरोप बऱ्यापैकी सिद्ध झाला आहे. तिला फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं म्हणतात. 1983 मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये ग्रॅहम ह्यूज यांच्या चमूने रक्ताच्या गुठळ्या, गर्भपात आणि ही प्रतिपिंडं एकाच आजाराच्या तीन बाजू आहेत असं मांडलं. त्याच वर्षी त्यांचे सहकारी नायजेल हॅरिस यांनी कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडं मोजायची संवेदनशील चाचणी प्रसिद्ध केली. 1990 मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिलं की प्रतिपिंडांचं खरं लक्ष्य तो स्निग्ध पदार्थ नाहीच. त्याला चिकटून बसणारं बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वन हे प्रथिन आहे. म्हणून आज लॅबमध्ये तीन गोष्टी बघतात: कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडं, या प्रथिनाविरोधी प्रतिपिंडं आणि ल्युपस अँटिकोॲग्युलंट.

तिसऱ्याची चाचणी जवळून बघण्यासारखी आहे, कारण तिला घोणशीचं विष लागतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या पॅट्रिक रसेल या डॉक्टरने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर 1796 मध्ये ग्रंथ काढला, तेव्हापासून इंग्रजीत या सापाला त्याचं नाव पडलं. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला रसेल ठाऊक नसतो, घोणस चांगली ठाऊक असते. ती चावली की तिचं विष रक्त गोठवणाऱ्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट चेतवतं, गोठवणारी सगळी सामग्री भराभर खर्ची पडते आणि मग रक्त गोठेनासंच होतं. लॅबमध्ये हेच विष अतिशय पातळ करून, थोडंसं फॉस्फोलिपिड आणि कॅल्शियम घालून, रुग्णाच्या प्लाझ्मात टाकतात आणि घड्याळ लावतात. निरोगी प्लाझ्मा अर्ध्या-पाऊण मिनिटात गोठतो. प्रतिपिंडं असतील तर ती ते तुटपुंजं फॉस्फोलिपिड अडवून धरतात आणि गोठायला उशीर होतो. मग दुसऱ्या नळीत फॉस्फोलिपिड मुबलक ओततात. उशीर भरून निघाला, की प्रतिपिंडं पकडली गेली.

गंमत अशी की नळीत रक्त गोठायला उशीर करणारी हीच प्रतिपिंडं शरीरात मात्र गुठळ्या करतात.

ही चाचणी बिघडवणं फार सोपं आहे. रक्तातल्या प्लेटलेट्समध्ये फॉस्फोलिपिड असतंच. नमुना दोनदा फिरवून त्या पुरत्या काढल्या नाहीत, तर प्रतिपिंडं असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. तालुक्याच्या गावी दुपारी काढलेलं रक्त कुरियरने दुसऱ्या दिवशी शहरात पोचणार असेल, तर मधे त्याचं काय केलं जातं यावर सगळं अवलंबून. उलट रुग्णाला हेपारिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर नसलेला दोष दिसू शकतो. ताप, संसर्ग आणि गरोदरपणही आकडे हलवतात. म्हणून 2006 मध्ये छापल्या गेलेल्या ‘सिडनी निकषां’नी दोन अटी घातल्या: चाचणी किमान बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा पॉझिटिव्ह हवी, आणि कार्डिओलिपिनचा आकडा मध्यम किंवा जास्त हवा, म्हणजे ढोबळमानाने 40 एककांच्या वर. एकदाच तपासलेलं रक्त, 18 आकडा, शेजारी ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’ आणि त्यावर नऊ महिन्यांची इंजेक्शनं, हा प्रकार या दोन्ही अटींत बसत नाही. बारा आठवडे थांबायला सांगणं अवघड असतं हे खरं, विशेषतः पस्तिशी जवळ आलेल्या बाईला. पण न थांबता दिलेलं निदान तिला आयुष्यभर चिकटतं.

लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये राज राय आणि लेस्ली रीगन यांनी वारंवार गर्भपात झालेल्या 500 स्त्रिया तपासल्या, तेव्हा सुमारे 15 टक्क्यांत ही प्रतिपिंडं टिकून असलेली आढळली. ज्यांच्या बाळंतपणात काही अडचण आलेली नाही अशा स्त्रियांत हेच प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असतं. त्याच चमूने 1997 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यावर आजचे उपचार उभे आहेत. प्रतिपिंडं असलेल्या 90 स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नुसती कमी मात्रेची ॲस्पिरिन, दुसऱ्याला ॲस्पिरिन आणि हेपारिनची इंजेक्शनं. पहिल्या गटात 45 पैकी 19 जणींना मूल झालं, दुसऱ्यात 32 जणींना. 42 टक्के आणि 71 टक्के.

हा फरक डोळ्यांत भरतो, आणि म्हणूनच पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. 2002 मध्ये फर्कर्सन आणि सहकाऱ्यांनी 98 स्त्रियांत नव्या प्रकारचं हेपारिन वापरून तशीच तुलना केली: 72 आणि 78 टक्के. 2009 मध्ये कॅनडात लॅस्किन यांनी 88 स्त्रियांत केली: 79 आणि 78 टक्के. म्हणजे हेपारिनवाल्या गटाचे आकडे तिन्हीकडे साधारण सारखेच. नुसत्या ॲस्पिरिनवाल्या गटाचा आकडा मात्र एकीकडे 42 आणि दुसरीकडे 79. सगळ्या चाचण्या एकत्र करणाऱ्या कॉक्रेनच्या 2020 च्या आढाव्यात अकरा चाचण्या आणि 1,672 स्त्रिया आहेत. त्यांचं म्हणणं इतकंच, की दोन्ही औषधं मिळून फायदा होत असावा, पण पुरावा कमकुवत आहे. जगभरात आज ॲस्पिरिनची गोळी आणि पोटावर घ्यायची हेपारिनची इंजेक्शनं हाच प्रमाण उपचार मानला जातो, आणि पक्कं निदान झालेल्या बाईला तो द्यावा हे योग्यच आहे. फक्त त्याचा पाया किती अरुंद आहे, हे लक्षात असू द्यावं.

हेपारिन नेमकं करतं काय? आधी वाटायचं, वारेत गुठळ्या होतात आणि बाळाचं रक्त तुटतं. रक्त पातळ केलं की प्रश्न मिटला. पण पडलेल्या गर्भाच्या वारेत दर वेळी गुठळ्या सापडत नव्हत्या. न्यूयॉर्कमध्ये जेन सॅमन आणि ग्वीयेर्मिना जिरार्डी यांनी 2004 मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. या प्रतिपिंडांमुळे गर्भ गमावणाऱ्या माद्यांना हेपारिनने वाचवलं; रक्त तितकंच पातळ करणाऱ्या दुसऱ्या दोन औषधांनी वाचवलं नाही. फरक असा, की हेपारिन ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या प्रथिनसाखळीला लगाम घालतं, ती दोन औषधं घालत नाहीत. म्हणजे वारेच्या कडेला गुठळीपेक्षा दाह जास्त नुकसान करत असावा. हे उंदरांतलं आहे, त्यामुळे ‘असावा’च म्हणायचं. माणसांतलं मोठं निरीक्षण अमेरिका-कॅनडातल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासाचं: ही प्रतिपिंडं असलेल्या गरोदर स्त्रियांपैकी ज्यांच्यात ल्युपस अँटिकोॲग्युलंट होतं त्यांतल्या 39 टक्क्यांना गंभीर अडचण आली, ज्यांच्यात नव्हतं त्यांतल्या तीनच टक्क्यांना. तिन्ही चाचण्यांत घोणशीच्या विषाची ही चाचणी सगळ्यांत जास्त सांगून जाते, असा त्याचा अर्थ.

बाकीच्या प्रतिपिंडांचं काय?

थायरॉइडविरोधी प्रतिपिंडांवरचा संशय 1990 पासूनचा. स्टॅगनारो-ग्रीन यांनी न्यूयॉर्कमधल्या 552 गरोदर स्त्रिया पाहिल्या. प्रतिपिंडं असलेल्यांत 17 टक्के गर्भपात, नसलेल्यांत 8.4 टक्के. दुप्पट. मग तर्क सोपा झाला: थायरॉइडचं काम ठीक असलं तरी गोळी द्यावी. असंख्य बायकांना ती दिली गेली. ब्रिटनच्या ‘टॅब्लेट’ चाचणीने शेवटी हा तर्क तपासला. 19 हजारांहून जास्त स्त्रियांचं रक्त तपासून, प्रतिपिंडं असलेल्या पण थायरॉइडचं काम ठीक असलेल्या 952 जणींना लेव्होथायरॉक्सिन किंवा हुबेहूब दिसणारी बिनऔषधाची गोळी गर्भधारणेआधीपासून दिली. निकाल 2019 मध्ये आला. लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांत 37.4 टक्के जिवंत बाळं, बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत 37.9. नेदरलँड्समध्ये खास वारंवार गर्भपात झालेल्यांवर झालेल्या छोट्या चाचणीतही फरक दिसला नाही. प्रतिपिंडांचा गर्भपाताशी संबंध आहे, एवढं खरं; पण गोळीने तो तुटत नाही. ज्यांचं थायरॉइड खरोखर मंदावलं आहे त्यांनी ती सोडायची नाही, हे वेगळं सांगायला हवं, कारण अर्धवट ऐकून गोळ्या बंद करणाऱ्याही असतात.

एएनए, म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरोधी प्रतिपिंडं शोधणाऱ्या दुसऱ्या लोकप्रिय चाचणीचं प्रकरण आणखी तकलादू आहे. 1997 मध्ये टॅन आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांचं रक्त तपासलं, तेव्हा नमुना 1:40 इतका पातळ केल्यावर 31.7 टक्के जण पॉझिटिव्ह निघाले, 1:160 ला पाच टक्के. जिथे तीनातला एक धडधाकट माणूस पॉझिटिव्ह निघतो, तिथे त्या रिपोर्टवर गर्भपाताचा ठपका ठेवणं म्हणजे गावातल्या मिशीवाल्या सगळ्यांना चोर ठरवण्यासारखं आहे. याच कुळातली रो नावाची प्रतिपिंडं असली तर मात्र बाळावर लक्ष ठेवावं लागतं, कारण शंभरातल्या साधारण दोन बाळांच्या हृदयाची विद्युतयंत्रणा ती बिघडवतात. तो प्रश्न गर्भपाताचा नाही.

आणि मग टोरांटोची चाचणी. लॅस्किन यांनी 1997 मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला: कारण न सापडलेले वारंवार गर्भपात, आणि रक्तात या ना त्या जातीची स्वतःविरुद्धची प्रतिपिंडं. अशा 202 स्त्रिया. निम्म्यांना प्रेडनिसोलोनच्या कुळातलं स्टेरॉइड आणि ॲस्पिरिन, निम्म्यांना बिनऔषधाच्या गोळ्या. बाळं 65 टक्के आणि 56 टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका. पण अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं पहिल्या गटात 62 टक्के, दुसऱ्यात 12. गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब यांचं प्रमाणही औषधवाल्यांतच जास्त. वारंवार गर्भपातावर आजही कुठेकुठे सर्रास स्टेरॉइड लिहून दिलं जातं, आणि ही चाचणी होऊन पाव शतक उलटून गेलं आहे.

तिच्यातला सगळ्यांत बोलका आकडा मात्र 56 टक्के हा आहे. काहीही औषध न घेतलेल्या बायकांचा. लिव्हरपूलच्या एका अभ्यासात कारण न सापडलेल्या स्त्रियांपैकी पुढच्या खेपेला तब्बल 75 टक्क्यांचं बाळंतपण नीट पार पडलं. वय आणि आधीचे गर्भपात जसे वाढतात तसा हा आकडा खाली येतो, पण बहुसंख्य तरुण जोडप्यांत तो निम्म्याच्या वरच राहतो. त्यामुळे या आजारावर जो कोणी काही देतो, त्याच्या दहा रुग्णांपैकी सहा-सात जणी पेढे घेऊन येतातच. त्याचा स्वतःवरचा विश्वास वाढतो, त्या बायका आपल्या बहिणींना तोच दवाखाना सांगतात. यात लबाडी असायलाच हवी असं नाही.

नवऱ्याच्या पांढऱ्या पेशी बायकोला टोचण्याचा उपचार असाच फोफावला. 1985 मध्ये लंडनमधून यशाची बातमी आली. 1999 मध्ये कॅरोल ओबर यांच्या चमूने अमेरिका-कॅनडात नीट चाचणी घेतली, तर टोचलेल्यांत यश 36 टक्के, न टोचलेल्यांत 48. 2002 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तो संशोधनाबाहेर द्यायला मनाई केली. भारतात काही ठिकाणी तो अजून विकला जातो. आपल्याकडची आणखी एक सवय म्हणजे टॉर्च टेस्ट, काही संसर्गांविरोधी प्रतिपिंडांची तपासणी. टोक्सोप्लाझ्मासारखे संसर्ग एखादा गर्भ घालवू शकतात. पण एकदा प्रतिकारशक्ती आली की ओळीने तीन गर्भ घालवत नाहीत. रिपोर्टातली जुन्या संसर्गाची आयजीजी प्रतिपिंडं बघून औषधं सुरू करणं निव्वळ खर्च आहे. हेपारिनचंही तेच. प्रतिपिंडं नसलेल्या, कारण न सापडलेल्या 364 स्त्रियांत नेदरलँड्सच्या ‘अलाइफ’ चाचणीने 2010 मध्ये दाखवलं: ॲस्पिरिन आणि हेपारिन 54.5 टक्के, नुसती ॲस्पिरिन 50.8, बिनऔषधाची गोळी 57. नऊ महिने रोज पोटाला सुई टोचून घेणाऱ्या किती जणींना हे तीन आकडे कोणी दाखवलेले असतात?

परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथल्या श्रीमती शेट्टी, कांजाक्ष घोष आदींनी मुंबईतल्या प्रसूतितज्ज्ञांबरोबर वारंवार गर्भपात झालेल्या भारतीय स्त्रियांच्या रक्ताचा अभ्यास केला, तेव्हा पाश्चात्त्यांत गाजलेल्या आनुवंशिक दोषांपेक्षा फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांचा वाटा इथे ठळक दिसला. म्हणजे महागड्या जनुकीय पॅनेलपेक्षा या तीन चाचण्या नीट, दोनदा करणं इथे जास्त कामाचं. त्याच्याही आधी एक साधी तपासणी येते, तीच बहुतेकदा राहून जाते: पडलेल्या गर्भाच्या गुणसूत्रांची. जपानच्या नागोया शहरात सुगिउरा-ओगासावारा यांनी वारंवार गर्भपाताच्या 482 रुग्णांत पाहिलं, तर 41 टक्क्यांत गर्भाचीच गुणसूत्रं चुकलेली होती. तो गर्भ टिकणारच नव्हता. आईच्या रक्तात काहीही असो. क्युरेटिंगनंतर तो अंश फॉर्मालिनमध्ये टाकला की ही तपासणी हातची जाते, कारण तिला जिवंत पेशी किंवा शाबूत डीएनए लागतो.

2023 मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांच्या आजाराचे नवे निकष काढले आणि दहा आठवड्यांच्या आतल्या तीन गर्भपातांना फक्त एक गुण दिला. पात्र व्हायला लक्षणांचे किमान तीन गुण लागतात. सुरुवातीचे गर्भपात बहुधा गुणसूत्रांमुळेच होतात, असा त्यामागचा विचार. हे निकष संशोधनासाठी रुग्ण निवडायला आहेत, उपचार ठरवायला नाहीत, असं त्यांनी स्वतःच बजावलं आहे. तरीही प्रसूतितज्ज्ञ अस्वस्थ आहेत. राय यांची 1997 ची चाचणी मुख्यतः अशाच बायकांवर झाली होती.

दुसऱ्या टोकाला कोबे विद्यापीठातले तानिमुरा, यामादा आणि सहकारी आहेत. 2020 मध्ये त्यांनी एक नवं प्रतिपिंड मांडलं. बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वन जेव्हा पेशीवरच्या एचएलए-डीआर रेणूच्या खोबणीत बसून बाहेर येतं, तेव्हा त्याचं बदललेलं रूप हे प्रतिपिंड पकडतं. वारंवार गर्भपाताच्या 227 स्त्रियांपैकी 52 जणींत ते सापडलं. त्यातही ज्यांच्या फाइलवर ‘अनएक्स्प्लेन्ड’ लिहिलं होतं अशा 121 पैकी 24 जणींत. नेहमीच्या तीन चाचण्यांतून निसटलेल्या काही जणींना इथे उत्तर मिळू शकेल. पण थायरॉइडच्या प्रतिपिंडांचा आकडाही 1990 मध्ये असाच चमकदार होता आणि त्यांच्यावरच्या गोळीचा निकाल यायला 29 वर्षं लागली. कोबेच्या प्रतिपिंडाबाबत ठरवणारी चाचणी तीच असेल: ते असलेल्या बायकांचे दोन गट, एकाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारं बिनऔषधाचं काही, आणि शेवटी दोन्हीकडच्या बाळांची मोजणी.